कडुलिंबाची मूक्कुत्ती

नाना, तुमचा कडुलिंब उभा आहे. कालच्या वादळात कोपऱ्यावरचा गुलमोहर मुळासकट आडवा झाला, शाळेचे पत्रे उडून कुणाच्या तरी गच्चीत जाऊन पडले, वीज अजून आलेली नाही, दूध आलं ते दुपारी. आणि ज्या झाडाचा भरवसा अख्ख्या गल्लीनं सोडला होता, ते सकाळी उन्हात पानं वाळवत उभं होतं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी चांगली बातमी आली की पहिली आठवण तुमचीच येते. वाईट बातमी मी यांना सांगते.

अण्णा नगरात नुसते खुणेचे दगड रोवलेले होते तेव्हा आपण हा तुकडा बघायला आलो होतो. हे नकाशा उलटसुलट करून पूर्व शोधत होते, मी विहिरीला पाणी गोडं लागेल का ते विचारत होते, आणि तुम्ही चपला काढून सरळ या झाडाखाली जाऊन बसलात. "घर सावकाश बांधा," म्हणालात, "सावली तयार आहे." हे म्हणाले, "नाना, सावलीवर छप्पर घालता येत नाही." तुम्ही म्हणालात, "छपरावर सावली येते ना, जावईबापू. तेवढं पुरे." यांनी नकाशाची घडी केली ती तिथेच. आमच्या लग्नात तुम्ही काय दिलंत असं कुणी विचारलं तर मी आजही भांडी सांगत नाही, हे झाड सांगते. तुम्ही ते लावलं नव्हतं, पण निवडलं होतंत.

तेव्हाच ते डोक्याच्या उंचीवर दुभंगलेलं होतं. एका बुंध्यातून दोन खोडं, एक आमच्या स्वयंपाकघरावर, दुसरं शेजारच्या मामांच्या कौलांवर. दोन्ही वाढत गेली, जड होत गेली. मी त्याखाली वाळवणं घातली, मुलांना गोवर झाला तेव्हा पाला काढला, पाडव्याला फुलं काढली. बेचक्याकडे कधी मान वर करून पाहिलं नाही. रोजच्या माणसाकडे तरी आपण कुठे पाहतो?

यंदा आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढात, त्या बेचक्यातून पांढरा चीक वाहायला लागला. भाजीवालीनं आधी पाहिलं. टोपली खाली ठेवून तिनं हात जोडले आणि ओरडली, "अम्मा, पाल! दूध येतंय बघा!" इथल्या तमिळात पाल म्हणजे दूध, आणि कडुलिंब म्हणजे अम्मन, देवीच. संध्याकाळपर्यंत आमच्या फाटकाशी रांग लागली. कुणी पिवळं फडकं बांधलं, कुणी लिंबांची माळ घातली, मी स्वतः स्टुलावर चढून बेचक्यात हळदीचा जाड लेप भरला आणि वर कुंकू लावलं. मला त्याची लाज वाटत नाही. मी अजूनही म्हणते, अम्मन आली होती. फक्त कशासाठी आली होती ते कळायला आम्हाला वेळ लागला.

ते शेजारच्या मामांनी कळवलं. मामा बँकेतून निवृत्त झालेले, शब्द मोजून बोलणारे. त्यांची लेक बाळंतपणाला आली होती आणि नातीचा पाळणा नेमका त्या फांदीखालच्या खोलीत. एका शुक्रवारी ते आले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहून म्हणाले, "पारुम्मा, दुपारी वारा सुटला की झाड करकरतं. मला झोप लागत नाही. देवी असेल, मी नाही म्हणत नाही. पण देवी माझ्या छपरावर पडली तर मी नमस्कार कुणाला करू?" मागून मामी म्हणाल्या, "तोंड आवरा, शुक्रवार आहे." मामा म्हणाले, "फांदीला शुक्रवार कळतो का?"

मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मला तुमचा कारखाना आठवला. आयुधपूजेचा दिवस. मी परकरात आहे, केसांना तेल चोपडलेलं. रेल्वेच्या त्या कारखान्यात एरवी बायकामुलांना शिरू देत नाहीत, पण आज दाराला केळीचे खांब बांधलेत, यंत्रांना चंदन लावलंय, सगळ्यांच्या हातात चुरमुरे आणि डाळं. तुम्ही ओझी उचलणाऱ्या क्रेनवर काम करता. क्रेनच्या आकड्याला टिळा लावायला मी हात पुढे करते आणि तुम्ही माझं मनगट धरता. "थांब. आधी हात फिरव." माझी बोटं तुम्ही त्या गार आकड्यावरून फिरवता, मग तारेच्या दोरावरून. "एखादी तार तुटलेली असली तर डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागते. तपासून झालं की टिळा. न तपासता टिळा लावणं म्हणजे आपलं काम देवावर ढकलणं." तुमचे सोबती हसतात, "काय साहेब, पोरीला नोकरीला लावता काय?" तुम्ही हसत नाही.

मी बादली आणली, हात जोडून अम्मनची क्षमा मागितली आणि बेचका धुऊन काढला. हळद ओघळून गेली तशी खालची फट दिसली. दोन खोडांच्या मधे साल दबून राहिली होती. इतकी वर्षं ती नुसती एकमेकांना टेकून होती, लाकडाला लाकूड मिळालंच नव्हतं. मामांनी खिशातली घराची किल्ली काढून फटीत घातली. ती पार कडीपर्यंत आत गेली. मामांनी ती बाहेर काढली आणि पुसली. मग मीच म्हणाले, "मामा, ऐप्पसीच्या पावसाआधी, दिवाळीच्या आत मी याला आधार देते. नाही जमलं तर तुम्ही लाकूडतोडे बोलवा, मी फाटक उघडून देईन." पाळण्यापुढे दुसरं काय बोलणार? शब्द तर देऊन बसले. झाड तोडायला मीच फाटक उघडायचं होतं.

आधार कसा द्यायचा हे मला माहीत नव्हतं. कसा द्यायचा नाही, ते माहीत होतं. रेल्वेच्या क्वार्टरमागचा शेवगा तुम्ही विसरला नसाल. शेंगांनी वाकलेली फांदी मोडू नये म्हणून मी तिला काथ्यानं करकचून बांधली होती. तुम्ही कामावरून आलात, पाहिलंत, म्हणालात, "सोड ते. गळा आवळून कुणी कुणाला सांभाळतं का?" मी फुरंगटून बसले आणि सोडलं नाही. पुढच्या वर्षी फांदी जाड झाली, काथ्या सालीत रुतला आणि त्याच्या वरचं सगळं वाळलं. तुम्ही ती वाळकी फांदी स्वयंपाकघरात आणून आईच्या चुलीशी ठेवलीत आणि मला म्हणालात, "जड वस्तूला वेढा घालायचा नाही. तिच्यातून आरपार खीळ घालायची, आणि खिळीला दोर लावायचा. खीळ एका जागी टोचते. वेढा सगळीकडून मारतो." त्या लाकडावर केलेला भात मी जेवले नव्हते.

तेव्हा यांनी ओळखीनं जो मेस्त्री आणला, त्याला मी पहिलं हेच सांगितलं. सिनेमाच्या नटांचे तीन मजली कटआउट रस्त्यावर उभे करणारा हा माणूस, उंचीची भीती नाही, बोलणं फार. तो झाडाभोवती साखळी घालायच्या विचारात होता, खाली जुने टायर लावून. शेवग्याची गोष्ट ऐकून म्हणाला, "बरोबर आहे अम्मा, टायर घातला तरी वेढा तो वेढाच." मग त्यानं आपलं सांगितलं. "कटआउटला कमरेला बांधलं तर आधी डोकं खाली येतं. खांद्याला धरायचं. तसं इथेही तारदोर उंचावर हवा, बेचक्यात नुसती सळई." असं आमचं ठरलं. फटीशी दोन्ही खोडांतून आरपार आट्यांची लोखंडी सळई, दोन्हीकडे नट आणि रुंद वायसर. वर दोन्ही फांद्यांत डोळ्याच्या, म्हणजे टोकाला कडी असलेल्या खिळी, त्यांच्यामधे तारदोर. टोकाचा थोडा भार छाटून हलका करायचा. सगळं जुळलं, आणि मेस्त्रीनं गिरमिट हातात घेऊन बुंध्यावरचं पिवळं फडकं पाहिलं आणि गिरमिट खाली ठेवलं.

"मला नाही जमणार, अम्मा. देवीच्या अंगात भोक पाडायचं? माझ्या घरात लेकरं आहेत."

त्याच्या माणसांनीही चपला घातल्या. फाटकाशी जमलेल्या बायका कुजबुजल्या. मामी सुद्धा म्हणाल्या, "पाप आहे गं." हे माझ्याकडे बघत राहिले, हे असे बघतात तेव्हा उत्तर मी द्यायचं असतं.

नाना, मी काही शिकलेली नाही, मॅट्रिक झाले आणि चुलीशी आले. पण त्या घटकेला माझ्या तोंडून जे आलं ते कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. मी म्हणाले, "मेस्त्री, तुझ्या लेकीचे कान टोचले?"

"टोचले की. मांडीवर मीच धरलं होतं."

"रडली?"

"गल्ली गोळा केली."

"मग ते पाप झालं की दागिना झाला?"

त्याची नजर खालच्या गिरमिटाकडे गेली. मी म्हणाले, "अम्मनच्या मूर्तीला मूक्कुत्ती असते की नाही? नाक टोचल्याशिवाय ती चमकी राहते कशी? सोन्यानं नाही जमणार मला, लोखंडाची घालते. पण बिनदागिन्याची नाही ठेवणार."

आधी मामी हसल्या, तोंडाला पदर लावून. मग भाजीवाली म्हणाली, "अय्यो, मग हळदकुंकू आणा, टोचायच्या आधी तोंड गोड करा." एवढं झाल्यावर थांबतंय कोण? मेस्त्रीनं चपला काढल्या, गूळ बुंध्याला लावला, एक खडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि गिरमिट फिरवायला सुरुवात केली. भोकातून ओला भुसा पडत होता आणि बायका त्यावर कुंकू टाकत होत्या. सळई आरपार गेली, दोन्हीकडचे नट आवळले, आणि इतकी वर्षं नुसती टेकून असलेली ती दोन खोडं कुरकुरत एकमेकांजवळ आली. मामांनी किल्ली घालून पाहिली. नुसतं टोक आत गेलं.

वरचं काम दुसऱ्या दिवशी झालं. मेस्त्रीनं दोर इतका ताणला की वाऱ्यानं तो गुणगुणायला लागला. त्याला वाटलं, छान. मी खालून ओरडले, "सैल कर. झाडाला डुलू दे. माझे वडील क्रेनवर होते, ते म्हणायचे, मधे हात टेकवला तर दोर बोटभर झुकला पाहिजे." तुमचं नाव निघाल्यावर त्यानं वाद घातला नाही. बोटभर सैल केला. रात्री हे माझी हिशेबाची वही बघून म्हणाले, "हा खर्च कुठे मांडलास? घरदुरुस्तीत?" मी म्हणाले, "दागिन्यांत." लग्नानंतर त्या सदरात पहिल्यांदाच काही लिहिलं गेलं.

आणि मग कालचं वादळ. दोन्ही घरांवर एकेक फांदी, पळायचं तरी कुठे? मामांची कौलं गळायला लागली तशी त्यांच्या घरातली सगळी माणसं आमच्याकडे आली. पाळणा देवघरात टांगला. दुपार असून दिवे लावावे लागले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी. वारा यायचा, मामांच्या बाजूची फांदी लांब जायची, मला वाटायचं गेली, आणि तेवढ्यात दोर सरळ व्हायचा, टण्ण आवाज करायचा आणि तिला परत आणायचा. पुन्हा सैल. पुन्हा वारा. पुन्हा टण्ण. हे म्हणाले, "तुझ्या वडिलांचा दोर बोलतोय." मामा म्हणाले, "बोलू दे. तो गप्प झाला तर मला सांगा." तेवढ्यात गुलमोहर पडल्याचा आवाज आला आणि मामींनी नात छातीशी धरली. आपला दोर बोलतच राहिला.

सकाळी मी अंगणात गेले तर मामा माझ्या आधी तिथे. एका हातात नारळ-कापराचं ताट, दुसऱ्या हातात किल्ली. आधी त्यांनी किल्ली फटीत घातली. नुसतं टोक गेलं, सळई घातली त्या दिवशीइतकंच. मग खिशात किल्ली टाकून त्यांनी सळईच्या नटाला कुंकू लावलं. तुम्ही कधी त्यांना भेटला नाहीत, नाना, आणि तुमचंच शिकवलेलं ते करत होते. मला म्हणाले, "पारुम्मा, उद्या माझी नात या फांदीवर झोका बांध म्हणाली तर बांधू का?" मी म्हणाले, "आधी नाक टोचू दे तिचं." दोघंही हसलो. मेस्त्री सायकलवरून चिखल तुडवत आला, वर बघितलं, आणि फाटकातूनच हात जोडून आपल्या घरचे पत्रे बघायला परत गेला.

हे कागद मी कुणाला टाकणार? देवघराच्या फडताळात ठेवीन, कापराच्या डब्याखाली. एक गोष्ट मात्र तिथे ठेवण्याआधी सांगते. सगळ्यांना मी म्हणते, हे माझ्या वडिलांनी शिकवलं. तपासून टिळा, ते तुमचं. आरपार खीळ, तेही तुमचं. पण बोटभर सैल असं तुम्ही कधी म्हणाला नव्हतात. मेस्त्री येण्याच्या आदल्या दिवशी मामी नातीच्या कमरेला करदोडा बांधत होत्या. गाठ मारण्याआधी त्यांनी आत बोट घालून पाहिलं, जसं मी माझ्या मुलांचं पाहिलं होतं, जसं आईनं माझं पाहिलं असेल. वाढत्या अंगाला किती जागा ठेवायची ते तिथलं. तुमचं नाव मी फक्त मेस्त्रीनं ऐकावं म्हणून लावलं. दोर तुमचा, नाना. बोट माझं.