कार्यमुक्त

नॉर्थ यॉर्क
१६ ऑक्टोबर २०२५

प्रिय कपिल,

सप्रेम जयभीम. तू आणि पद्मा बरे असाल असं धरून चालते.

तेरा वर्षांपूर्वी माझ्या किचनमध्ये बसून तू म्हणाला होतास, "ताई, तू लिही, मी फक्त सही करतो." सकाळपासून तेच वाक्य डोक्यात आहे. का, ते सांगते. आधी इकडचं.

तुझ्या दाजींनी, योगेशने, यंदा विंटर टायर्स स्वतः बदलले आणि आता कंबर धरून बसलाय. असोसिएशनच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दोनशे माणसांचा भात माझ्याकडे होता, तो खालून लागला. शशिकांतभाऊ माईकवरून म्हणाले, "आज खरी फायर ब्रिगेडची गरज होती, आपला कपिल कुठाय?" सगळे हसले, मीही हसले. गाडीत धम्मप्रिया म्हणाली, "मामा इज नॉट ओके, मॉम."

मला ठाऊक होतं. यंदा फेब्रुवारीतल्या त्या गोदामाच्या आगीनंतर तू आमच्याकडे आला होतास. टोस्टर खटकन वर आला आणि तू खुर्चीवरून उठून थेट दाराशी गेलास. डॉक्टरकडे जा म्हटलं, तर म्हणालास, "सिक लीव्हला कारण लिहावं लागतं, ताई. वीस वर्षं भरली की तीन महिने मिळतात, त्याला कोणी का म्हणून विचारत नाही. तीच घेतो." तुमच्या युनियनच्या करारातली ती लॉन्ग सर्व्हिस लीव्ह. सलग वीस वर्षं भरत नाहीत म्हणून ती नामंजूर झाली आणि दोन आठवड्यांपूर्वी तुझ्यादेखत मी तुझ्या एचआरला फोनवर काय काय बोलले! आपली माणसं दिसली की यांना नियम आठवतात, असंही बोलले. तू शेजारी बसून फक्त "जाऊ दे ना, ताई" म्हणत होतास.

आज तुमच्या युनियनच्या मिशेलचा फोन आला. तुझ्या रजेच्या मंगळवारच्या सुनावणीसाठी बाबांच्या हॉस्पिटलच्या मराठी कागदांचं भाषांतर हवं होतं. सर्टिफाइड ट्रान्सलेटरच्या यादीतून तिने मला शोधलं. माझं आडनाव वेगळं, त्यामुळे मी तुझी कोण हे तिला माहीत नव्हतं. तिने अख्खी फाइलच पाठवली.

तिसऱ्या पानावर तेरा वर्षांपूर्वीचं ते पत्र होतं. "रिस्पेक्टेड सर, माय फादर इज सीरियस. काइंडली रिलीव्ह मी फ्रॉम सर्व्हिस फ्रॉम थर्ड फेब्रुवारी." खाली तुझी सही. कोपऱ्यात शिक्का: राजीनामा मंजूर.

मी पान मोठं करून पाहिलं, पुन्हा लहान केलं. चहा समोर होता, तो तसाच राहिला.

कार्यमुक्त. बाबांनी जिल्हा परिषदेत बत्तीस वर्षं हाच शब्द लिहिला. ट्रेनिंगला जायचं तरी कार्यमुक्त, बाळंतपणाच्या रजेवर जायचं तरी कार्यमुक्त. परत हजर व्हायचं हे त्यात धरलेलंच असतं. मी त्यांचे मसुदे बघत वाढले, तेच इंग्रजीत उतरवलं. इथे त्याचा अर्थ झाला, मला नोकरीतून कायमचं मोकळं करा.

बाबा गेले, जुलैत तू परत आलास, तो नव्याने भरती होऊन, आधीच्या नोकरीची वर्षं पुसून. एवढे फॉर्म कशाला, असं तू विचारलंस, तर मीच म्हणाले, "अरे, इथे कागदाशिवाय पान हलत नाही." पगार त्यांनी जुनाच ठेवला, म्हणून आपल्याला कळलं नाही. वर्षभर स्टेशनवर तुला 'रूकी', नवशिका म्हणायचे, गाड्या धुवायला लावायचे. जेवताना आपण त्यावर हसायचो, कपिल. ती चेष्टा नव्हती.

मी मिशेलला विचारलं, हे कोणी लिहिलं? म्हणाली, "कपिलनेच. महिन्यापूर्वी मी त्याला दाखवलं. म्हणाला, 'इट्स माइन.'"

महिन्यापूर्वी! म्हणजे मी त्या एचआरच्या बाईवर ओरडत होते तेव्हा तुला सगळं माहीत होतं.

मिशेल पुढे म्हणाली, शब्दाचा घोळ दुसऱ्या कोणी केला होता, असं शपथेवर सांगणारं माणूस असतं तर केस उभी राहिली असती. यावर मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "काम घेते. सोमवारपर्यंत देते." आणि फोन ठेवला.

हेच लिहायचं मी इतका वेळ टाळत होते. २०१२ साली माझं सर्टिफिकेट भिंतीवर लागून वर्ष झालं होतं. आपल्या निम्म्या लोकांचे जन्मदाखले, लग्नाचे कागद माझ्या शिक्क्याने जातात. हे बाहेर आलं तर कोण येईल माझ्याकडे? चार तास मी याचाच विचार केला. तुझा विचार त्यानंतर आला. तू मात्र माझा विचार तिथल्या तिथे केलास.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून धम्मप्रियाच्या हाती हे पाठवते आहे. मी एकटीने खरं सांगून भागणार नाही. तू सुनावणीत पत्र तुझंच म्हणालास, तर माझं कोण ऐकेल? भावाला वाचवायला बहीण खोटं बोलते आहे, असंच म्हणतील.

शेवटी आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून मागणंच लिहिते. तू नाही म्हणशील. "वेड लागलंय का, ताई?" असं म्हणून विषय बदलशील, पद्मालाही गप्प बसवशील. तरी मागते. मंगळवारच्या आत मिशेलला फोन कर आणि सांग, ते पत्र माझ्या बहिणीने लिहिलंय.

तुझी
अरुणा