भीमाबाई नावाची कोणी नव्हती

तेलगाव,
ता. ४ डिसेंबर १९९४

चि. सौ. रुद्राणीस मन्मथअण्णाचे अ. आ. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. विधान भवनात बसून आमदारांची भाषणं टिपणाऱ्या माझ्या बहिणीनं माझ्या मागच्या पत्रातल्या सात चुका काढून पाठवल्या, हे तुझ्या वहिनीनं अख्ख्या आळीत सांगितलं. कापूस वेचून झाला. सगळे खुशाल.

खरं सांगायचं तर खुशाल नाही. आपली भिवराबाई आठवते ना? आई आजारी असताना तुला कडेवर घेऊन शाळेत पोचवणारी? दीर तिला घरातून काढू पाहतोय म्हणून तिनं मी कारकून आहे त्याच कोर्टात दावा लावला होता. दर तारखेला वकील तिला हाताला धरून आत न्यायचे. ३० नोव्हेंबरला ते आजारी पडले. ती एकटीच आली आणि सकाळपासून आवारातल्या लिंबाखाली बसली. शिपाई धोंडीरामनं नावाचा तीनदा पुकारा केला, कोणी उठलं नाही. वादी गैरहजर म्हणून साहेबांनी दावा काढून टाकला.

पाच वाजता ती माझ्या टेबलाशी आली आणि आज माझं नाव कावून लागलं न्हाई, असं विचारू लागली. मी बोर्ड पाहिला. त्या दिवसाची प्रकरणं बोर्डावर मीच लिहितो. मी लिहिलं होतं, 'भीमाबाई'. भिवरा म्हणजे भीमाच, कोर्टाच्या कागदावर शुद्ध दिसावं म्हणून मी तिचं नाव सुधारलं होतं. तुझा गुण लागला म्हण.

पुढची तारीख पडली आहे, असं तिला खोटंच सांगून मी एस.टी. गाठली. तीस दिवसांत अर्ज केला तर दावा परत उभा राहतो. पण पुकारा चुकीच्या नावानं झाला, हे मला लिहून द्यावं लागेल. ऑगस्टमध्ये मी निवृत्त होतोय गं. या वयात चौकशी नको वाटते. काय करू ते लगेच कळव.

माझ्यावरचा लोभ या पत्रानं कमी होऊ देऊ नकोस.

मन्मथ


नागपूर,
ता. २४ डिसेंबर १९९४

ती. अण्णांस रुद्राणीचा शि. सा. न. वि. वि.

हिवाळी अधिवेशनासाठी आमची सगळी कचेरीच नागपूरला आली आहे. तुमचं पत्र मुंबईला पडून होतं, ते आज हाती आलं. सहा दिवस उरलेत, अण्णा. फोन करणार होते, पण चौकातल्या बूथवर सगळ्या गावासमोर तुम्ही काय बोलणार?

एखादे सभासद उठून पाणी न्हाई म्हणतात, आणि ते खाली बसायच्या आत माझ्या वहीत त्याचं 'नाही' झालेलं असतं. अकरा वर्षं हेच केलं. त्यानं कोणाचं काही बिघडत नाही, असं वाटायचं. आमच्याकडे छापायच्या आधी चूक दुरुस्त करता येते. तुमच्याकडे पुकारा झाला की झाला.

चुकीचा राग नाही आला. तिला खोटं सांगितलंत, त्याचा आला. चौकशी होते तर होऊ द्या. पत्र मिळताच लिहून द्या आणि तिला खरं सांगा.

रागावून लिहिलं, पण माया तीच आहे, हे विसरू नये.

रुद्राणी


तेलगाव,
ता. २७ जानेवारी १९९५

चि. सौ. रुद्राणीस अ. आ.

पत्र २८ डिसेंबरला मिळालं. २९ ला वकिलांनी अर्ज केला, मी माझी चूक लिहून दिली. साहेब एवढंच म्हणाले की हे आधी सांगायला हवं होतं. अर्जाची तारीख २४ जानेवारी पडली.

पण दावा गेल्यावर आठवडाभरातच दिरानं घराला कुलूप घातलं होतं. ती मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर राहत होती. तुझ्या वहिनीनं दोनदा घरी बोलावलं, ती आली नाही. २९ ला संध्याकाळी मी तिथं जाऊन सगळं कबूल केलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "अण्णा, मायनं ठिवलेलं येकच नाव हाय मला. दुसऱ्या नावाला ओ कशी देऊ?"

जानेवारीच्या थंडीत तिच्या छातीत कफ भरला. अखेर आम्ही तिला घरी आणलं. २३ तारखेला दुपारी ती गेली. मीच अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी बोर्डावर तिचं प्रकरण होतंच. मयत झाल्याची नोंद नसली की पुकारा करावा लागतो. या खेपेला मी 'भिवराबाई' लिहिलं, चार वेळा पाहून लिहिलं. धोंडीरामनं व्हरांड्यात जाऊन एकदा पुकारलं, दोनदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा टेबलाशी बसल्या बसल्या माझ्या तोंडून ओ गेली. सगळे वळून पाहू लागले. साहेबांनी मान वर केली नाही. मग मी कागदावर 'वादी मयत' असं लिहिलं. दावा पुढे चालवायला तिला मूलबाळ नाही.

लोभ असावा, असं लिहायला हात धजत नाही.

मन्मथ


मुंबई,
ता. ६ फेब्रुवारी १९९५

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

पत्र वाचून फार रडले. लोभ होता तसाच आहे.

नागपूरच्या भाषणांची प्रत तपासायला आली होती. आपल्याकडच्या एका सभासदांचं 'नाही' मी खोडून परत 'न्हाई' केलं. वरिष्ठांनी ते तांबड्या शाईनं सुधारलं. मी पुन्हा लिहिलं. ते पुन्हा सुधारतील.

भिवराबाई मला रुदी म्हणायची. तसं म्हणणारं आता कोणी नाही. पुढच्या पत्राच्या मायन्यात तुम्ही तेवढं लिहा, मी ओ देईन.

तुमची
रुदी