मागे राहणारीची तरतूद

अण्णा,

परवा नात कायद्याचं पुस्तक घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. "आजी, प्रोव्हिजन मतलब प्रावधान, इतना तो पता है. पण तू तरतूद का म्हणतेस?" मी म्हटलं, माझ्या वडिलांनी मला तो शब्द स्वयंपाकघरात शिकवला. तिला वाटलं, मी डाळ-तांदळाबद्दल बोलते आहे. तिचंही काही चुकलं नाही. तुम्ही दोन्हींत फरक केलातच कधी!

नया बाजारातलं आपलं घर आठवतं. संस्थान जाऊन मध्य भारत आला होता, आणि तुम्ही कायदे खात्यात नव्या राज्याचे मसुदे लिहीत होता. घरी आलात की पाटावर बसून त्या दिवशीचं कलम साध्या मराठीत आईला सांगायचं, हा तुमचा नेम. आई पोळ्या लाटता लाटता विचारायची, "आणि जो यात बसत नाही, त्याचं काय?" उत्तर सापडलं नाही, की जेवण झाल्यावर मसुदा पुन्हा बाहेर निघायचा. "प्रोव्हिजन म्हणजे जो समोर नाही त्याची आठवण ठेवणं," तुम्ही मला सांगितलं होतंत. आई कणीक भिजवताना न सांगता येणाऱ्या पाहुण्यालाही धरते, तसंच म्हणे कायद्याचं. मला तेव्हा तुमचा फार अभिमान वाटला होता. अजूनही वाटतो.

मग राज्यांची पुनर्रचना झाली आणि तुमचं खातं भोपाळला निघालं. तुम्ही सगळ्यांची सोय लावलीत. आजीचं औषध, धाकट्याची शाळा, गाय कोणाकडे द्यायची तेसुद्धा. एका संध्याकाळी तो सगळा बेत तुम्ही पाटावर बसून आईला ऐकवता आहात. मी ताटं वाढते आहे. कायद्याचं पहिलं वर्ष मी नुकतंच पास झाले होते, आणि तुमच्या बेतात मी फक्त सामान बांधायला होते.

आईचं लाटणं थांबलं. "आणि हिच्या कॉलेजचं?"

"भोपाळला गेल्यावर बघू पुढे."

"पुढे बघू, ही तरतूद झाली का?"

तुम्ही भडकलात. रागावलात की तुमची हिंदी बाहेर पडायची. "जवान लडकी को अकेली छोड़ दूँ? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं कलम मागाहून घाला," आई म्हणाली. "आधी हिचं बोला."

जेवण झाल्यावर तुमचा बेत पुन्हा बाहेर निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळीच गावातल्या गावात थाटीपुरला आत्याकडे गेलात आणि परत येऊन दारातूनच म्हणालात, "आत्या ठेवून घेते म्हणाली. आता वकील हो बाई, नाहीतर तुझी आई भोपाळात मला जेवू घालायची नाही."

झाले वकील. पुढे कितीतरी जणी नवऱ्याशी तडजोडीचा कागद घेऊन माझ्याकडे आल्या, आणि सही करण्याआधी प्रत्येकीला मी आईचाच प्रश्न विचारला, "ही तरतूद झाली का?" पुष्कळ जणींचं भलं झालं त्यानं.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. भोपाळची गाडी सुटली तेव्हा मी पदरात तोंड लपवलं होतं आणि तुम्ही खिडकीतून ओरडत होता, "रडू नकोस गं!" मी रडत नव्हते, अण्णा. मला हसू आवरत नव्हतं.