काविळीची माळ

आये, तुझ्यासारखी बाई मी पुन्हा पाहिली नाही. हे तुझ्या तोंडावर बोलले असते तर "गप, मासळी नासंल तिकडं" म्हणून हाकललं असतंस. मुरुडहून आगबोटीने तुला मुंबईला नेलं तेव्हा तुझे डोळेसुद्धा पिवळे झाले होते. इस्पितळात पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. पित्ताच्या पिशवीतली गाठ पार यकृतात शिरलेली. डॉक्टर मला बाजूला घेऊन सांगायला लागले, तर तू खाटेवरून ओरडलीस, "पोट माजं हाय, मला सांगा! नारळी पुनव बघन का मी?" ते बिचारे खाली बघत म्हणाले, "होळी बघाल, बाई. पुढचं सांगवत नाही. या दुखण्यातून उठलेलं माणूस मी अजून पाहिलं नाही." तू नुसती मान हलवलीस, बाजारात भाव पटल्यासारखी.

घरी आल्यावर अंगाला खाज, पोटात कळा, तरी बोंबील वाळत घालायला तू पुढे. हरले ते बाबा, त्यांना तू नुसती कावीळ सांगितली होतीस तरी. ऐन हंगामात होडीला हात लावीनात, तुझ्या उशाशी बसून राहायचे. मग आगरदांड्याहून खाडी ओलांडून दिघीच्या भगताकडून त्यांनी मुळ्यांची माळ आणली. ती डोक्यावर ठेवायची. कावीळ उतरली की सैल होत होत पायांशी येते, असा आपल्यातला भरवसा. मी कुजबुजले, "आये, बाबांना खरं सांग." केवढी खेकसलीस! "खरं सांगितल्यावर तो दर्यावर जाईल व्हय? आन मी मरंस्तवर त्याचं रडकं तोंड बघत बसू? न्हाय! आन ती माळ इकडं."

माळ खरंच पायांशी आली. बाबांनी दर्याला नारळ वाहिला, आळीभर गूळ वाटला आणि पहाटे होडी लोटली. तू किनाऱ्यावर पोट दाबून उभी, आणि तोंडाने हसतेयस! काय छाती गं तुझी. ते पापलेटं घेऊन आले की दोन घास जात नसतानाही "झ्याक हाय" म्हणायचीस.

होळीच्या आधीच गेलीस, बाबांच्या मांडीवर. "कावीळ उतरली व्हती, दृष्ट लागली," असं ते शेवटपर्यंत सांगत राहिले. मी कधी खोडून काढलं नाही.

हे पत्र कुठल्या टपालात टाकणार? तरी एक सांगते. डॉक्टरांचं बोलणं मी या कानांनी ऐकलं होतं, पण माळ पायांशी पडली तेव्हा मनात म्हटलं, आये वाचली. म्हणून तू गेलीस तेव्हा मी बाबांपेक्षा मोठ्याने रडले.