गावदेवीपर्यंत आलं आणि बंद पडलं

३ मे, शनिवार. दुपारी.
डॉक्टरने सांगितलंय, रोज चार ओळी लिहा आजी, डोकं चालू राहील. माझं चालूच आहे. मागच्या खेपेला तोच माझं नाव विसरलेला. तरी नातीने, करिश्माने, वही आणून दिली म्हणून लिहिते. चौथी शिकलेय. कोणाला वाचायचं नाही, तर अक्षर कसंही चालेल.
नातवाची, दिपेशची, हळद सतरा तारखेला. धवले मीच म्हणणार, दुसरं कोण? होणारी विहीण डोंबिवलीची, तिने फोनवर विचारलं, धवले म्हणजे काय हो? सांगितलं, लग्नात देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना नावं घेऊन बोलवायची गाणी. जिवंतांना तुम्ही पत्रिका वाटता, बाकीच्यांचं मी बघते. नंतर फोनच कट झाला.
करिश्माने दिवाळीत माझे धवले जुन्या लॅपटॉपमध्ये भरून ठेवलेत. आज घरात कोणी नव्हतं म्हणून पहिल्यांदा लावून बघितले. विसरले म्हणून नाही. मशीनने नीट भरलेत का ते बघायला. एकवीरा आली, खंडोबा आला, गावदेवी आली. बरोबर चाललेलं. तेवढ्यात पडदा निळा, मधे पांढरे ठिपके गोल गोल, खाली इंग्रजीत काहीतरी. चहा झाला, भांडी झाली, ठिपके आपले फिरतायत. नुसतं फिरायला वीज काय फुकट आहे? सॉकेटचं बटण बंद केलं. त्याची बॅटरी कधीच मेलीय, लगेच विझला. उरलेलं उद्या ऐकेन.

४ मे
लॅपटॉप चालू होत नाही. काळा पडदा, पांढरी अक्षरं. मी काही केलेलं नाही.
करिश्मा म्हणाली, काल कोणी हात लावलेला? मी म्हटलं, तुझ्या आईने पुसला असेल. सून म्हणाली, मी काल माहेरी गेलेले. ही नीला नेमकी नको तेव्हा माहेरी असते.
करिश्मा म्हणाली, जाऊ दे, जुना डबा आहे, भंगारात देऊ. मी म्हटलं, अजिबात नाही, रिपेर कर. म्हणाली, तुला काय करायचंय त्याचं? मी म्हटलं, मला काय करायचंय!
खरंच, मला काय करायचंय. गाणी माझ्या डोक्यात आहेत. एकवीरा, खंडोबा, गावदेवी आणि मग. मग येतंच. हात दुखतोय म्हणून लिहीत नाही.

५ मे
रोग कळला. खारा वारा. माझं अर्धं आयुष्य मिठागरात गेलं. फावडं, कुलूप, सायकल, कशाला गंज कसा चढतो ते मला विचारा. आमच्या बाळकुमात टॉवर आले म्हणून काय खाडीने वारा बंद केला?
सगळे कामाला गेल्यावर खोबरेल कोमट केलं आणि अक्षरांच्या फटींतून थेंब थेंब सोडलं. आमचे हे कुलपांना असंच करायचे. मग गच्चीवर पापडांच्या शेजारी उन्हात ठेवला.
संध्याकाळी चालू झाला नाही. पण झाकण उघडताना पूर्वी कुरकुरायचं, ते थांबलं. म्हणजे अर्धं काम झालं.

७ मे
मीठ-मिरच्या ओवाळून नजर काढली. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे नजर होती. आता नाही. तरी चालू होत नाही. हट्टी आहे.
शकूचा फोन आलेला. माझी नणंद, कळव्याला दिलेली. धवले तिलाही येतात. सासूबाईंनी दोघींना एकत्रच शिकवलेले, मला सगळे, तिला जरा सोपे. म्हणते, वहिनी, यंदा ऊन फार आहे गो, तुझ्याने बसवेल का एवढा वेळ? नाहीतर मी आहेच.
मी आहेच म्हणे! ती सगळीकडे असतेच. दूध उतू जातंय सांगून फोन ठेवला. दूध फ्रिजमध्ये होतं.
माझ्या नातवाच्या मांडवात शकू धवले म्हणणार आणि मी खुर्चीत बसून सरबत पिणार? त्यापेक्षा मी टिटवाळ्याला जाऊन राहीन.

९ मे
करिश्माला ठाणे स्टेशनजवळ लॅपटॉप रिपेर करणाऱ्या राकेशच्या दुकानात ओढून नेली. रिक्षात तोंड फुगवून बसलेली. राकेशने लॅपटॉप उघडला, म्हणाला, विंडोज उडालंय. अपडेट चालू असताना कोणीतरी मधेच बंद केलंय. मी म्हटलं, लोक पण काय काय करतात.
मग वाकून वास घेतला. म्हणाला, आत तेल आहे. मी म्हटलं, कंपनीने घातलं असेल. म्हणाला, आजी, खोबरेल? मी पंख्याकडे बघितलं. मशीनचे लोक वाद फार घालतात.
म्हणाला, नवीन विंडोज टाकणं सोपं आहे, पण आतलं सगळं पुसून जाईल. मी त्याच्या टेबलावर असा हात आपटला की स्क्रू उडाले. पुसायचं नाही! मग म्हणाला, आधी आतलं सगळं बाहेर काढून ठेवतो, पण तेल साफ करण्यात वेळ जाईल, वीस तारीख उजाडेल. मी म्हटलं, सोळाला दे. म्हणाला, एवढी घाई कसली, आजोबांचे फोटो आहेत का? मी म्हटलं, आजोबांचा चेहरा मला पाठ आहे.

१२ मे
देवळात जाते सांगून राकेशकडे गेले. म्हटलं, सगळं नको, एकच गाणं काढ, तेही गावदेवीच्या पुढचं. म्हणाला, आजी, असं तुकड्यात निघत नाही. दुपारपर्यंत स्टुलावर बसून राहिले, म्हणजे त्याला लाज वाटेल. नाही वाटली. उलट येणाऱ्या गिऱ्हाइकांना माझी ओळख करून देत होता, ह्या खोबरेलवाल्या आजी.

१४ मे
आता लॅपटॉपची गरजच नाही. त्याहून चांगला उपाय सापडलाय.
डीजेवाला रतन जागा बघायला आलेला. त्याला बाजूला घेतला. म्हटलं, धवल्यात मी उजवा हात वर केला की धाडकन लाव. म्हणाला, कुठलं गाणं? म्हटलं, कुठलंही, लोकांचे कान बसले पाहिजेत. गोंधळलाच. मागच्या लग्नात आवाज बंद कर म्हणून मी त्याच्या वायरीवर पाणी ओतायला निघालेले.
गावदेवी आली की हात वर. पुढचं मी म्हटलं की नाही ते देवालाही ऐकू जाणार नाही. शकूला तर नाहीच.

१६ मे
उद्या हळद. मन एकदम शांत आहे. सकाळपासून तिघांवर ओरडले, पण शांतपणे.
सासूबाई जात्यावर बसवून शिकवायच्या. घरघर कानावर पडली की आपोआप येईल असं वाटलं. जातं आता कुठलं, मिक्सर लावला आणि म्हणून बघितलं. गावदेवीपर्यंत आलं आणि मिक्सर तापून बंद पडला. ह्या घरात एक वस्तू धड नाही.

१८ मे, रविवार. सकाळी, वरातीला निघण्याआधी.
कालचं लिहून टाकते.
मांडव भरलेला. तांदळाच्या पिठाने चौक भरला, दिपेशला पाटावर बसवला, सुरुवात केली. आवाज खणखणीत. एकवीरा आली. खंडोबा आला. गावदेवी आली. उजवा हात वर केला.
काही नाही.
पुन्हा केला. बायकांना वाटलं आशीर्वाद देतेय, दोघी पाया पडून गेल्या. वळून बघते तर रतनच्या लॅपटॉपवर निळा पडदा आणि पांढरे ठिपके गोल गोल. आणि तो मूर्ख वायर उपटायला निघालेला! माझ्या तोंडातून निघून गेलं, अरे हात लावू नको, फिरू दे त्याला, मधेच बंद केलास तर मरेल तो!
करिश्मा माझ्याकडे बघतच राहिली. का बघत होती, मला काय माहीत.
आता डीजे नाही, पंख्याचा आवाज तेवढा. सगळ्यांचे फोन माझ्याकडे धरलेले. मी एकवीरेपासून परत सुरू केलं. खंडोबा परत आला, गावदेवी परत आली. आलेल्या पाहुण्यांना तिसऱ्यांदा आवतण देणार, इतक्यात मागून शकूने उचललं. नाव घेतलं, चांगूबाय.
माझी सासू. तिची आई.
मग पुढचं एका दमात आलं. सासरे, दीर, आमचे हे, सगळे ओळीने येऊन बसले. दोघींनी मिळून पुरं केलं. हळद लागली.
नंतर शकू कानाशी येऊन म्हणाली, वहिनी, सगळे देव आठवले, माझी आईच तेवढी विसरलीस? मी म्हटलं, विसरले नाही. तिने शिकवलं तेव्हा ती जिवंत होती, गाण्यात तिचं नाव असेल कुठून? ह्यावर शकूने ताटात बोटं बुडवली. माझ्या नाकाला हळद फासली. मी पुसली नाही, माझ्या हातात ताट होतं.

२० मे
राकेशने लॅपटॉप दिला. चालतो. सगळी गाणी सुखरूप. म्हणाला, वास मात्र जाणार नाही.
शकू अजून इथेच आहे. कळव्याला जायचं नाव काढत नाही. करिश्मा म्हणाली, लावू का? मी म्हटलं, आता कशाला. तिने लावलंच.
एकवीरा आली, खंडोबा आला, गावदेवी आली. मग गाणं अडलं, नुसता माझा आवाज. आणि मग... मग... नीला, चहा टाक गं. आणि तिथून उडी थेट नवरीच्या अंघोळीच्या गाण्यावर.
शकू हसता हसता खाटेवरून खाली आली. नीला स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून उभी. म्हणजे मशीनने चुकीचं भरलेलं. मी पहिल्या दिवसापासून तेच म्हणतेय.
करिश्मा म्हणाली, उद्या दोघी बसा, परत भरू. मी म्हटलं, शकूला सोपे तेवढेच द्या.
जेवणानंतर सगळे आडवे झाले. सहज बघितलं तर पडद्यावर पुन्हा ठिपके. उठून सॉकेटपाशी गेले. बटणावर करिश्माने चिकटपट्टी लावलीय. वर पेनने लिहिलंय, आजी, नाही.
पट्टी नखाने निघते, बघून ठेवलंय.
चहा केला. भांडी केली. ठिपके फिरतायत. समोर खुर्ची घेऊन बसले. शकू डोळे चोळत आली, म्हणाली, काय गो बघतेस?
म्हटलं, काही नाही, राखण करतेय.