घाटाची चिठ्ठी

३ फेब्रु., मंगळ.
सावंतसाहेब सेशन कोर्टात माणगावला, म्हणून महाडचं सगळं माझ्या डोक्यावर. नकला, तारखा, पक्षकारांचे फोन. वकिलाच्या कारकुनाला काळा कोट नसतो, धावपळ मात्र दुप्पट.
चारला बाररूममध्ये घाटाची चिठ्ठी फिरवली. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून उद्या कोण कोण येणार, ती नावं सगळे वकील एकाच कागदावर लिहितात. साडेचारच्या आत मी तो बेंच क्लार्क मोहित्यांच्या टेबलावर ठेवायचा. मग जजमॅडम ती प्रकरणं बारानंतर पुकारतात, एसटी पोचल्यावर. कायद्यात कुठेच नाही हे. पण चालतंय.
जिन्यात मृणाल, वकिलाच्या काळ्या कोटात. हातात पेढ्यांचा बॉक्स. न्यायाधीशाच्या परीक्षेच्या क्लासला पुण्याला चाललीय, चौदा तारखेला.
"अभिनंदन तरी म्हण की रे."
"म्हणतो ना. उद्या तुझ्यासमोरच अर्ज घेऊन उभं राहायचंय, मॅडम मॅडम करत."
तिने पेढा हातावर ठेवला, मी तो कागदासकट खिशात कोंबला. मी तडक चवदार तळ्यावर. दिवेलागणीपर्यंत पायरीवर. लॉच्या फर्स्ट इयरला दोघं इथेच पाठांतर करायचो. ती कलमं म्हणायची, मी "हं, हं" करायचो. एक अक्षर कानात जायचं नाही.

४ फेब्रु., बुध.
आमच्या पक्षकार शेवंताबाईचा दावा गैरहजेरीत काढून टाकला. सव्वाअकरालाच पुकारा झाला. साहेब आजही माणगावला, मी नकलेच्या खिडकीशी रांगेत. बाई साडेबाराला धापा टाकत आली.
"घाटात ट्रक आडवा पडला रे, खेडची गाडी थितंच अडकली. शिपाई म्हनतो, तुजं झालं, जा घरी. झालं म्हंजे काय झालं?"
काय सांगू तिला? दाव्याबरोबर मनाईहुकूमही गेला. कशेडीच्या पायथ्याशी तिची वाडी. शेजाऱ्याने वाटेवर कुंपण घातलं की विहिरीला जायला अख्ख्या टेकडीचा वळसा.
डोकं फिरलं. व्हरांड्यात, सगळ्यांदेखत, मोहित्यांवर ओरडलो. "खुर्चीत बसून घाट कळतो का तुम्हाला?"
ते चष्मा पुसत राहिले. "चिठ्ठीच आली नाही रे काल."
"खोटं! मी स्वतः दिली!"
चेंबरचं दार उघडं होतं. मॅडमनी ऐकलं.

रात्री भरपूर जेवलो, रागात. मग शर्ट धुवायला टाकताना खिशात चिठ्ठी. पेढ्याच्या कागदाला चिकटलेली. पहिलंच नाव शेवंताबाईचं. अक्षर माझं.

५ फेब्रु., गुरु.
मॅडमनी बारच्या अध्यक्षांना बोलावून घेतलं. म्हणाल्या म्हणे, "माझ्या स्टाफला खोटारडं म्हणणार असाल तर सोय कशाला? बोर्डावरची प्रकरणं क्रमाने चालतील." आजपासून चिठ्ठी बंद. घाटातली दोन माणसं आज बाहेर बाकावर नुसती बसून गेली.
मी नकलेच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो. काल ओरडायला आवाज होता.
पूर आला ते वर्ष आठवतंय. कोर्टाचे गठ्ठे चिखलातून काढले. बाररूमभर दोऱ्या बांधून कागद वाळत घातले, चिमटे प्रत्येकाने घरून आणलेले. तेव्हाचे जजसाहेब बाह्या दुमडून एकेक पान सोडवायचे, शेजारी वकील, शेजारी शिपाई. कोण कुठला, कळत नव्हतं. मी नि मृणाल कॉलेजातून मदतीला. ती एका टोकाला, मी दुसऱ्या, मध्ये कुणाचा तरी वाटपाचा दावा वाळतोय. त्याच दिवसांत कुणीतरी म्हणालं, घाटातली माणसं कशी येतील? जजसाहेब म्हणाले, "नावं द्या, मी थांबतो." तिथून ही चिठ्ठी.
तेव्हा वाटायचं आपण दोघंही याच कोर्टात उभे राहणार. मग सेकंड इयरला सरांशी भर वर्गात भांडलो, उठलो, परत गेलोच नाही. तोच आवाज, तीच खोड.

७ फेब्रु., शनि.
साहेबांना सांगितलं. चिठ्ठी समोर ठेवली.
"कुणाकुणाला माहीत आहे?"
"कुणाला नाही."
"मग फाडून का नाही टाकलीस?"
मी चिठ्ठीची घडी सरळ करत राहिलो.
दावा पुन्हा फायलीवर घ्या असा अर्ज द्यायचाय. म्हणाले, "त्याला जोडून अ‍ॅफिडेव्हिट तू करायचंस. तळ्यावर बसलास तेही लिही. का बसलास ते नको लिहूस." आणि हसले. म्हणजे सगळ्या कोर्टाला माहीत आहे.

१० फेब्रु., मंगळ.
शेजाऱ्याच्या बाजूने मृणाल. माझं अ‍ॅफिडेव्हिट तिने उभ्यानेच वाचलं. चेहऱ्यावर काही नाही. मग अर्जावरच आपलं म्हणणं लिहिलं: "हरकत नाही. दावा गुणदोषांवर चालावा." तेच गोल अक्षर. नंतर कळलं, तिचा अशील ऐकत नव्हता, तिने तासभर समजावलं त्याला. आणि चार तारखेलाही हीच उभी राहून म्हणाली होती, बाई घाटातून येतात, थोडं थांबूया. मॅडमनी विचारलं, चिठ्ठी आहे? नव्हती.
मॅडम माझ्याकडे बघून: "हे मोहित्यांना सांगितलंत?"
"नाही."
"आधी तिथे जा. अर्जावर आदेश सोमवारी, शेवंताबाई हजर हव्यात."
गेलो. "चुकलं," एवढंच निघालं.
मोहिते: "आवाज कुठे गेला रे आज? त्या दिवशी तळ्यापर्यंत ऐकू गेला."

१४ फेब्रु., शनि.
स्टँडवर गेलो. जायचं नाही असं ठरवून गेलो. मृणाल म्हणाली, "कॉलेजात विचारून बघ. परत घेतात." मी म्हटलं, "बघू." गाडी लागली. एवढंच. घरी येताना तळ्याकडून नाही आलो.

१६ फेब्रु., सोम.
हे व्हरांड्यातल्या बाकावर लिहितोय. साडेअकरा. आज आदेश. शेवंताबाई आलेली नाही. फोन लावला तर, "पोलादपुरात हाय गो बाय..." मग माझा आवाज ओळखून, "पोरा, गाडी भरत्येय, नाय सुटली अजून. थांबव रे त्यांना."
थांबवू कसा? चिठ्ठी बंद. मी कारकून.
साहेब आत आहेत, मॅडम खुर्चीवर. दारातून दिसतंय. मृणालची जागा रिकामी. पुकारे भराभर चाललेत. आता आमचाच नंबर.
मोहित्यांनी आमच्या अर्जाचा कागद उचलला. चष्म्यावरून दाराकडे बघितलं, माझ्याकडे. मग तो गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. मॅडमनी बघितलं. पुढचं नाव पुकारायला सांगितलं.
पावणेबारा. गाडी अजून यायचीय. आमचं नाव तळाशी.