नुसतं विचारायचं

अमरावती,
१७ नोव्हेंबर २०२४

आईस सप्रेम जय भीम.

मी इथे मजेत आहे. "फोन असून पत्र कावून पाठवते ही?" असं तू म्हणशील. फोनवर तू "मी बरी आहो" म्हणतेस आणि लगेच ठेवून देतेस. म्हणून लिहिते.

आधी ऑफिसचं. अकोल्याच्या एका दवाखान्यात नंबर लावायचा प्रोग्राम आम्ही करतोय. तो मुद्दाम बिघडवून पाहायचं काम माझं. आधी विचारायचं, नंबर लागतो का? मग एक सर्व्हर बंद करायचा आणि पुन्हा तेच विचारायचं; एक पडला तरी नंबर लागायला हवा. हे विचारणारं पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेतलं छोटं फंक्शन असतं, त्याला प्रोब म्हणतात. त्याने फक्त विचारायचं, कशाला हात लावायचा नाही.

माझा प्रोब हात लावत होता. उत्तर आलं नाही की तो सर्व्हर सुरू करायचा आणि मग पुन्हा विचारायचा. त्यामुळे रिपोर्ट कायम हिरवा, म्हणजे सगळं ठीक. सगळे खूश, मी जास्तच.

आमच्या सीनियर प्रियदर्शनीताईंनी कोड वाचला आणि त्या हसल्या. "दीक्षा, तू विचारून राहिली का सांभाळून राहिली?"

चारचौघांत एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्याजवळ खुर्ची ओढून बसल्या आणि सर्व्हर सुरू करणाऱ्या ओळी माझ्याच हाताने काढायला लावल्या. रिपोर्ट लाल झाला. सर्व्हर पडला की नंबर लागतच नव्हता. दर्यापूर, बाळापूरहून आलेली माणसं तिथे बाकावर नुसती बसून राहिली असती. "आता खरं बोलला तुझा प्रोब," ताई म्हणाल्या, आणि त्या लाल रिपोर्टवर मला चहा पाजला. मला त्यांच्यासारखं होता यावं, आई.

शेजारच्या पार्बताबाईंचा फोन आला होता. स्टँडपर्यंत जाताना तुला धाप लागते, वाटेत बसावं लागतं. आणि "पोरीले सांगू नको" म्हणालीस. त्यांच्यावर रागावू नकोस.

मी तुला विचारते तरी कसं? जेवलीस ना? गोळी घेतलीस ना? बरी आहेस ना? उत्तर मीच तुझ्या तोंडात घालते आणि निश्चिंत होते. मला शिकवताना तू थकलेली मला कधी दिसली नाहीस. तेव्हा कसं जमवलंस, याचं नवल अजून वाटतं. पण आता तसं लपवणं नको.

शनिवारी अकोटला येते. आल्या आल्या कामाला लागणार नाही. डॉक्टरांचं नंतर बघू. समोर बसून एकदाच विचारीन, आई, कशी आहेस? मग गप्प बसेन.

उत्तर लाल असलं तरी चालेल. चहा मी ठेवीन.

तुझं ऐकायला येणारी,
दीक्षा